पियानोचं साईट रीडिंग: एका सेकंदात डोळ्यांनी किती उचलायचं

न पाहिलेला कागद समोर आला की आपल्या कोल्हापुरातली चांगली वाजवणारी पोरंपण गार पडतात, हे मी लई बघितलंय. तयार केलेला पीस असा वाजवतील की ऐकत बसावं, आणि साईट रीडिंगचा, म्हणजे नवं नोटेशन बघता बघता वाजवायचा, कागद ठेवला की दुसऱ्याच बारला (तालाच्या दुसऱ्याच खंडाला) गाडी बंद. याला कारण आहे. हे गाव अल्लादिया खाँसाहेबांचं, गोविंदराव टेंब्यांच्या पेटीचं, देवल क्लब ही संगीताची संस्था 1883 पासून चालू आहे, इथं मान कानाला. पोरगं कीबोर्ड शिकायला जातं तेच मुळात ऐकलेलं गाणं वाजवायला, दोन-तीनदा वाजवलं की पाठ, आणि पाठ झालं की डोळे कागदावरून जे उठतात ते परत काय तिकडं वळत नाहीत. मग वाचायचा सराव होणार कधी?

तर हे त्यांच्यासाठी, ज्यांना स्टाफ नोटेशन (पाच रेषांवर ठिपक्यांनी लिहिलेलं) येतं, दोन्ही क्लेफ (ओळीच्या सुरुवातीची चिन्हं, वरच्या ओळीला ट्रेबल, खालच्या ओळीला बेस) ओळखता येतात, पण नवीन कागद बघून लगेच वाजवता येत नाही. बोटांचं इथं फार काही सांगणार नाही. बोटं तुमची बहुतेक तयारच असतात, घोळ डोळ्यांचा असतो.

आधी डोळे काय करतात ते बघा. आपल्याला वाटतं नजर ओळीवरून सरळ सरकत जाते, तसं नसतं. डोळा उडी मारतो, थांबतो, परत उडी मारतो, परत थांबतो. थांबणं साधारण 0.2 ते 0.4 सेकंदाचं, आणि वाचायचं काम होतं ते त्या थांबण्यातच, उडी चालू असताना जवळपास काहीच दिसत नाही. खोटं वाटत असेल तर मोबाईल नोटेशनच्या स्टँडवर ठेवा, फ्रंट कॅमेऱ्यानं स्वतःच्या डोळ्यांचा स्लो मोशन व्हिडिओ काढा आणि वाजवा. बुबुळं टुणटुण उड्या मारताना दिसतील. आणि आणखी एक दिसेल, जे बघून बऱ्याच जणांना धक्काच बसतो: दर दोन-तीन नोटांमागं डोळे खाली बोटांकडं जातात. ते पुढं बोलू.

दुसरी गोष्ट, एका थांबण्यात स्वच्छ किती दिसतं? हात सरळ पुढं करून अंगठा उभा धरा. त्या अंगठ्याच्या रुंदीएवढंच, म्हणजे साधारण दोन अंश, आपल्याला एकदम तीक्ष्ण दिसतं, बाकी सगळं अंधुक, फक्त मेंदू ते जाणवू देत नाही. आता स्टँड डोळ्यांपासून 60 सेंटीमीटरवर असेल तर कागदावर हा तुकडा झाला जेमतेम दोन सेंटीमीटरचा. पट्टी घेऊन मोजा, ट्रेबल आणि बेस मिळून पियानोची जोडओळ वरपासून खालपर्यंत त्याच्यापेक्षा उंच भरते. म्हणजे उजव्या हाताचं आणि डाव्या हाताचं एकाच नजरेत लख्ख दिसणं अवघडच, डोळ्याला वर-खाली करावंच लागतं. बासरीवाल्याला, व्हायोलिनवाल्याला ही कटकट नाही, त्यांना एकच ओळ. त्यामुळं "मला दोन्ही हातांचं एकदम दिसत नाही" म्हणून रडत बसू नका, कुणालाच दिसत नाही.

आता मुद्द्याचं. वाजवणाऱ्याचे डोळे हातांच्या किती पुढं असतात हे लोकांनी मोजलंय. जॉन स्लोबोडा या मानसशास्त्रज्ञानं 1974 मध्ये एक सोपा प्रयोग केला. माणूस वाजवत असताना मधेच नोटेशन दिसेनासं करायचं आणि त्यानंतर तो किती नोटा बरोबर वाजवतो ते मोजायचं. चांगले वाचणारे सात नोटांपर्यंत पुढं जायचे, कच्चे तीन-चारवर थांबायचे. म्हणजे चांगल्यांचे डोळे लांब पळतात, असं सगळ्यांनी धरलं, आणि क्लासमधून "पुढं बघ, पुढं बघ" तर आजही चालूच आहे.

पण 1999 मध्ये फर्नो आणि लँड या दोघांनी हेच अंतर नोटांमध्येही मोजलं आणि वेळेतही मोजलं, आणि खरी गंमत तिथं आहे. नोटांमध्ये मोजलं तर हौशी वाजवणारे साधारण दोन नोटा पुढं, व्यावसायिक साधारण चार. वेळेत मोजलं तर सगळे सारखेच! सगळ्यांचे डोळे साधारण एकच सेकंद पुढं. लय वाढवली की ते 0.7 सेकंदावर यायचं, लय उतरवली की 1.3 वर जायचं, पण नवख्यात आणि उस्तादात वेळेचा फरक नाही. फरक एवढाच की त्याच सेकंदात उस्तादाच्या डोक्यात जास्त माल बसतो.

म्हणून "पुढं बघ" हा सल्ला मला अर्धवट वाटतो. दोन बार पुढं बघायचा हट्ट धरलात तर पहिल्या बारचं डोक्यातून गळून जातं आणि डोळे परत मागं धावतात. सेकंद सगळ्यांना एकच मिळतो, तो काय ताणता येत नाही. ताणता येतं ते एका नजरेत उचलायचं गाठोडं. सगळा सराव या एका गोष्टीसाठी करायचा.

गाठोडं मोठं कसं करायचं? केएमटीच्या बसवर "गंगावेश" लिहिलेलं असतं, ते आपण अक्षरं लावून वाचत नाही, बस लांबून दिसली तरी पाटी एका नजरेत कळते. नोटेशनमध्ये तसं व्हायला आकार ओळखीचे व्हायला लागतात, एकेका नोटेचं नाव नाही. लागून असलेल्या तीन रेषांवर तीन ठिपके एकावर एक दिसले की तो मूळ स्थितीतला कॉर्ड (एकदम वाजवायचा नोटांचा गट, सगळ्यात खाली त्याची मूळ नोट), खालची नोट ओळखली की झालं, वरच्या दोन वाचायच्याच नाहीत. तीन घरांत तीन ठिपके असतील तरी तेच. रेषेवरून पुढच्या रेषेवर गेलं तर थर्ड, मधली एक रेषा सोडली तर फिफ्थ, रेषेवरून रेषेवर किंवा घरातून घरात उडी असेल तर अंतर विषमच असणार, थर्ड, फिफ्थ, सेव्हन्थ, आणि रेषेवरून घरात असेल तर सम, सेकंड, फोर्थ, सिक्स्थ, ऑक्टेव्ह. एवढं एक डोक्यात पक्कं बसलं तरी वाचायचं ओझं निम्मं होतं. डाव्या हाताला खालची-वरची-मधली-वरची असं एकसारखं फिरत असेल तर ती चार वाचायची नोटं नव्हेत, तो एक मोडलेला कॉर्ड. सरळ चढत जाणारी जिन्यासारखी रांग दिसली तर पहिली आणि शेवटची नोट बघायची, मधलं हाताला ठाऊक असतं. त्यासाठी स्केल हातात बसलेले पाहिजेत, तेवढं बोटांचं काम मात्र आहे.

खुणेच्या तीन जागा ठेवा: ट्रेबल क्लेफच्या वेटोळ्यातली रेषा जी, बेस क्लेफच्या दोन टिंबांमधली रेषा एफ, आणि मधोमध मिडल सी. बाकी सगळं या तिघांपासून अंतरानं मोजायचं. खालून रेषा मोजत "ई, जी, बी..." करत बसलात तर तुमचा सेकंद तिथंच संपला.

आता आपल्याकडचा खास रोग. नोटेशनखाली पेन्सिलीनं सा रे ग म लिहिणं. मी अशा वह्या बघितल्यात की वरती छापील नोटा आणि खाली प्रत्येकीला देवनागरी अक्षर, कोमलला खाली आडवी रेघ, तीव्र मला वर उभी रेघ, सगळं कसं अगदी व्यवस्थित. असा कागद समोर आला की डोळा नोटा बघतच नाही, तो खालची अक्षरं वाचत जातो, आणि अक्षरात ना वर-खालीचा आकार दिसतो ना किती वेळ धरायचं ते कळतं. शिवाय पेटीवाल्याच्या घरातलं पोरगं असेल तर त्याचा सा काळी एक, पांढरी चार, काळी पाच असा गाण्यागणिक फिरतो, मग स्टाफवरची नोट आधी सरगममध्ये, मग सरगमवरून पट्टीवर, असा दोन गावं फिरून प्रवास. सरगम वाईट नाही हो, गायला बसलात तर तीच पाहिजे. पण वाचायच्या कागदावर खोडरबर फिरवा. अगदीच जमत नसेल तर फक्त ओळीच्या सुरुवातीची नोट लिहा, बाकी नाही.

आकार पक्के करायचा एक सराव सांगतो, याला पियानोसुद्धा सुरुवातीला लागत नाही. सोप्या पुस्तकातला एक बार एक सेकंद बघा, पुस्तक मिटा, आणि बघितलं ते वाजवा. पियानो नसेल तर टेबलावर बोटं चालवा. चुकलं तर परत बघायचं नाही, पुढचा बार घ्यायचा. सुरुवातीला एकच हात, मग दोन्ही, मग दीड बार. रोज पाच-दहा मिनिटं बास झाली, त्यापेक्षा जास्त केलं तर डोकं बधीर होतं आणि मग उपयोग होत नाही.

आणि दुसरा सराव, स्लोबोडाच्या प्रयोगाचीच घरगुती आवृत्ती, याला एक माणूस लागतो. घरात लग्नपत्रिकांचा गठ्ठा पडलेला असतोच, त्यातली एक जाड पत्रिका घ्या, बहिणीला नाहीतर आईला शेजारी बसवा. मेट्रोनोम (मिनिटाला ठरावीक ठोके देणारं यंत्र) 60 वर लावा. तुम्ही ज्या बीटवर आलात ती बीट वाजायला लागली की तिनं पत्रिका सरकवून तीच बीट झाकायची, आणि असंच पुढं पुढं सरकत राहायचं. म्हणजे जे वाजवताय ते दिसतच नाही, बघायला फक्त पुढचं उरतं. 60 च्या लयीत एक बीट म्हणजे बरोबर एक सेकंद, त्यामुळं तुम्हाला जादा काही करायला सांगत नाहीये, डोळे जिथं असायला पाहिजेत तिथं ढकलतोय फक्त. पत्रिका धरणाऱ्याला नोटेशन येत नसलं तरी चालतं, मेट्रोनोमच्या ठोक्याला सरकवायचं एवढं समजलं की झालं. पण एक, घाईघाईत दोन बीटा झाकायला देऊ नका, मग तो स्मरणशक्तीचा खेळ होतो आणि पाठांतर करणारी पोरं त्यात जिंकतात, वाचणारी नाही.

आता खाली बघणं. कागदावरून पट्ट्यांवर आणि परत कागदावर, म्हणजे दोन मोठ्या उड्या, खाली गेल्यावर पट्टी शोधायला एक थांबणं आणि वर आल्यावर "कुठं होतो मी?" म्हणून जागा शोधायला एक-दोन थांबणी. बेरीज करा, तुमचा सेकंद कुठं गेला ते कळेल. उपाय म्हणजे काळ्या पट्ट्या. दोन काळ्या, तीन काळ्या, दोन काळ्या, तीन काळ्या, हे डोळे मिटून हाताला लागलं पाहिजे. दोनाच्या डावीकडं चिकटून सी, तीनाच्या डावीकडं चिकटून एफ. मांडीपासून हात उचलून न बघता सांगितलेली नोट शोधायची, एवढाच खेळ रोज थोडा वेळ खेळा. वाचताना हातांवर पंचा टाकून वाजवायची जुनी युक्तीपण चांगली आहे, पण उन्हाळ्यात नको, घामानं बोटं घसरतात. हां, लांबची उडी असेल तर खाली बघायला कुणाची ना नाही. फक्त मान हलवायची नाही, नुसते डोळे खाली न्यायचे, आणि तेही आधीची नोट लांब धरलेली असताना. बसायची जागा रोज तीच ठेवा, 61 पट्ट्यांचा कीबोर्ड असेल आणि क्लासमध्ये 88 चा पियानो असेल तर दोन्हीकडं मिडल सी समोर येईल असं बसा, नाहीतर हाताचा सगळा अंदाज बदलतो.

डोळ्यांनी कुठल्या रस्त्यानं जायचं हे कागदावर अवलंबून आहे. हे फार जुनं निरीक्षण आहे, वीव्हर नावाच्या संशोधकानं 1943 मध्येच पियानोवाल्यांच्या डोळ्यांच्या हालचाली नोंदवल्या होत्या. कॉर्डचं संगीत असेल तर डोळे वरून खाली, पुढं सरकून परत वरून खाली, असे उभे चालतात, आणि दोन स्वतंत्र सुरावटी असतील तर एका ओळीत थोडं आडवं जाऊन मग दुसऱ्या ओळीत. चर्चमधली हिम्न वाजवायची असतील, चार आवाजांची, तर उभं वाचा, आणि मी तर म्हणेन खालून वर वाचा, कारण बेसची नोट कळली की कॉर्डचा अंदाज येतो आणि वरच्या तीन नोटा तपासायच्या तेवढ्या उरतात. वर सुरावट आणि खाली साथ असेल तर सुरावटीत लांब नोट कधी येते ते बघत राहा, ती आली की लगेच खाली डाव्या हाताचं पुढचं उचलून घ्यायचं. लांब नोट ही आराम करायची जागा नाही, तीच खरी वाचायची वेळ.

एक गैरसमज इथंच काढून टाकतो. डोळे मागं जाणं ही चूक नव्हे. गूल्सबीनं 1994 मध्ये गाणाऱ्यांवर केलेल्या अभ्यासात चांगले वाचणारेच पुढं जाऊन परत चालू जागेवर येताना दिसले. डोळे पुढं-मागं खेळू देत, थांबायचं नाही ते हातांनी. चुकीची नोट लागली तर लागली, ती गेली. परत जाऊन दुरुस्त करायची खोड ज्याला आहे त्याचं साईट रीडिंग कधीच सुधारत नाही, कारण त्याच्या डोळ्यांना पक्कं माहीत असतं की मागं जायची सोय आहे. मेट्रोनोम लावा, नाहीतर त्याहून चांगलं, दुसऱ्या माणसाबरोबर वाजवा. लेमन आणि एरिक्सन यांच्या 1996 च्या अभ्यासात एकट्याचे कार्यक्रम करणाऱ्यांपेक्षा साथ करणारे पियानोवादक साईट रीडिंगमध्ये सरस निघाले. साहजिकच आहे, गायक काय तुमच्यासाठी थांबतो होय? आपल्याकडं ऑर्केस्ट्रात साथ भरपूर होते पण ती सगळी कानावर, कागद कुणी बघत नाही. म्हणून मुद्दाम कागदावरची साथ शोधा, शाळेच्या कॉयरला, व्हायोलिन शिकणाऱ्या मित्राला, नाहीतर एकाच पियानोवर दोघं बसून चार हातांचं वाजवा.

अंदाजानं वाजवलं म्हणून मास्तर ओरडले तर निम्मं मनावर घ्या. बोरिस गोल्डॉव्स्की या पियानोवादकाचा किस्सा या विषयात सगळीकडं सांगतात. त्यांची एक शिष्या, वाचायला कच्ची, ब्राम्सचा ओपस 76 मधला दुसरा पीस घेऊन आली आणि एका जागी भलतीच नोट वाजवली. त्यांनी टोकलं तर म्हणाली, इथं तसंच छापलंय. बघतात तर खरंच छापायची चूक, आणि ती आधी कुणाला दिसलीच नव्हती. मग त्यांनी चांगल्या चांगल्या वाचणाऱ्यांना तो पीस दिला, आधी सांगितलं की यात एक चूक आहे, शोधा, हवं तितक्यांदा वाजवा, तरी कुणाला सापडली नाही. का, तर त्यांचे डोळे गाठोडं उचलत होते आणि कॉर्ड कसा असणार हे डोक्याला आधीच माहीत होतं. साईट रीडिंगमध्ये हा अंदाजच पाहिजे. तोच पीस कार्यक्रमासाठी बसवायला घेतला की मात्र एकेक नोट तपासून घ्या, तिथं वाचायची पद्धत वेगळी.

परीक्षेला बसणाऱ्यांसाठी थोडक्यात. एबीआरएसएम या ब्रिटिश संगीत परीक्षा मंडळाच्या प्रॅक्टिकल ग्रेड परीक्षेत साईट रीडिंगला 150 पैकी 21 मार्क असतात आणि वाजवायच्या आधी अर्धा मिनिट मिळतो, त्यात वाजवून बघायलाही परवानगी आहे. बहुतेक पोरं त्या अर्ध्या मिनिटात पहिल्या बारपासून वाजवायला लागतात आणि तिसऱ्या बारपर्यंत पोचेस्तोवर वेळ संपतो. तसं करू नका. की सिग्नेचर आणि टाइम सिग्नेचर बघा, मग नजर पूर्ण कागदावर फिरवून सगळ्यात काळं, सगळ्यात गर्दीचं ठिकाण शोधा, आणि फक्त तेवढंच वाजवून बघा. लय त्या गर्दीच्या बारवरून ठरवायची, पहिल्या बारवरून नाही. शेवटचा बारही बघून ठेवा, शेवट नीट झाला की परीक्षकाच्या कानात तोच राहतो.

सरावाला कागद कुठला घ्यायचा? तुम्ही जे वाजवता त्यापेक्षा दोन ग्रेड खालचा, आणि रोज नवा. एकदा, फार तर दोनदा वाजवला की तो संपला, तिसऱ्यांदा वाजवलात तर तुम्ही वाचत नाही, आठवताय. आयएमएसएलपी (IMSLP) या वेबसाईटवर जुनं, कॉपीराइट संपलेलं भरपूर फुकट मिळतं. प्रिंट काढताना झेरॉक्सवाल्याला आधी सांगा की एका पानावर एकच पान, ही मंडळी कागद वाचवायला दोन पानं एकत्र छापून देतात आणि मग नोटा मुंगीएवढ्या होतात. मोबाईलवर तर वाचूच नका, एका वेळी दोन बार दिसतात, पुढचं बघायचं म्हटलं तर बोटानं सरकवायला लागतं.

चष्मा असेल तर एक सांगतो, चाळिशीनंतर शिकायला येणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही. जवळचा चष्मा पुस्तक हातात धरायच्या अंतरासाठी असतो, स्टँड त्याच्यापेक्षा लांब. दोन भागांच्या काचा असतील तर खालच्या भागातून बघायला मान वर करावी लागते, मग मान दुखते आणि नजर ओळ सोडते. डोळ्यांच्या डॉक्टरांना टेप लावून मोजलेलं अंतर सांगा, कॉम्प्युटरवाल्यांसाठी असतो तसा मधल्या अंतराचा नंबर करून देतात. उजेड मागून येत असेल तर स्वतःचीच सावली कागदावर पडते, दिवा बाजूला घ्या. आणि पंख्याखाली बसत असाल तर कपड्याचे दोन चिमटे स्टँडला कायमचे लावून ठेवा.

राहता राहिलं पान उलटणं. तुमचे डोळे एक सेकंद पुढं असतात म्हणजे पानाच्या शेवटच्या बीटवर हात असताना डोळ्यांना नवीन पान पाहिजे असतं. म्हणून शेवटची नोट वाजवून झाल्यावर उलटायचं नाही, शेवटच्या बारच्या मध्यालाच उलटायचं, तेवढं डोक्यात राहतं. दुसरं कुणी उलटणार असेल तर त्याला नोटेशन वाचत बसायला लावू नका, तुम्ही मान हलवली की उलट, एवढंच सांगा, आणि त्याला वरच्या उजव्या कोपऱ्यात पान आधीच सुटं करून धरायला सांगा.